नाक मुरडण्याचं शास्त्र



आपल्या भाषेत तोंडावर किती बोललं जातं बघा. तोंड पडलं. गाल फुगले. कपाळाला आठ्या पडल्या. डोळे वटारले. नाक मुरडलं. भोर-वेल्ह्याच्या वस्तीवरची, शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा हे सगळं घडाघडा वाचते. हे वाचन तिला पोटाने शिकवलं. मालकाचं तोंड ओळखता आलं नाही तर दिवसाची मजुरी बुडायची, वर शिवी मिळायची. राबणाऱ्याला मालकाचं तोंड वाचावंच लागतं. मालकाचं राबणाऱ्याचं तोंड न वाचता काही अडत नाही.

२०१० साली क्राउस, कोत आणि केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत हेच मोजून दाखवलं. खालच्या थरातली माणसं समोरच्याच्या भावना वरच्या थरातल्यांपेक्षा अचूक ओळखत होती. प्रयोगशाळेला जे आत्ता कळलं ते आपल्या म्हातारीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पण मेंदू हे करतो कसं? ज्या यंत्राने आपल्याला छळलं ते खोलून बघितलंच पाहिजे. मेंदूच्या खालच्या बाजूला एक पट्टा आहे, चेहरा समोर आला की तो कामाला लागतो. नॅन्सी कान्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तो दाखवून दिला. दुसरी जागा अमिग्डला, बदामाएवढी गाठ. अमेरिकेतल्या एका बाईच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डला आजाराने निकामी झाल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडावरची भीती तिला ओळखताच येत नाही, असं राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवलं. २००५ साली त्यांनाच कळलं की ही बाई मुळात समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. 'डोळ्यांकडे बघा' म्हटलं की तिला भीती ओळखू यायची.

थांबा इथं. भीती डोळ्यांत असते, आणि जो डोळ्यांत बघतच नाही त्याला ती दिसत नाही. त्या बाईला आजार होता. पण आपल्या आज्याला मान खाली घालून, लांब उभं राहून बोलायला लावणाऱ्या वाड्यांना कसला आजार होता? आधी मान खाली घालायला लावायची, आणि मग म्हणायचं, 'ह्या लोकांना काय वाटतच नाय.'

मेंदू काही फोटो काढत नाही. तो जे बघतो त्यात स्वतःच्या पदरचं घालतो. १९०१ सालची गोष्ट घ्या. साताऱ्याहून बापाला भेटायला गोरेगावला निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरली. त्यात भीमराव होता. पोरं नीटनेटक्या कपड्यांत होती. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. पोराने सांगितलं, आम्ही महार. आणि मास्तरचं तोंड पालटलं. पोरांचे चेहरे तेच, कपडे तेच. मधे फक्त एक शब्द आला. त्या तोंडावरचा तिटकारा पोराने तिथल्या तिथे वाचला आणि पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधे बाबासाहेब म्हणून लिहून ठेवला.

हा तिटकारा येतो कुठून? २००३ साली विकर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या छायाचित्रणाने दाखवलं, की घाण वास घेताना इन्सुला नावाचा जो भाग चेततो तोच दुसऱ्याचं मुरडलेलं नाक नुसतं बघूनही चेततो. म्हणजे तिटकारा लागट आहे. आता कडेवरचं पोर डोळ्यांपुढे आणा. ते आईचं नाक बघतं, आणि नाक कुणाला बघून मुरडलं तेही बघतं. आमचं म्हणणं सरळ आहे. जात पोथीतून शिकवायच्या आधी नाकातून शिकवली जाते.

२००६ साली लसाना हॅरिस आणि सुसन फिस्क यांनी विद्यार्थ्यांना बेघरांचे, नशेबाजांचे फोटो दाखवले. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना कपाळामागचा जो भाग चालतो, तो या फोटोंपुढे जवळजवळ थंड पडला. माणूस दिसत होता, पण माणूस म्हणून धरला जात नव्हता. पुढे २००७ साली त्यांनी फोटोबरोबर एक साधा प्रश्न विचारला. या माणसाला ही भाजी आवडत असेल का? तोच भाग परत कामाला लागला. मेंदू जन्मजात असाच, काय करणार, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हे मारा. एका भाजीच्या प्रश्नाने जे हलतं ते दगडावरची रेघ नाही.

आता शहरात या. पानशेतचं पाणी पुणं पितं. पण भोरच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरलेल्या पोराला खोली हवी असली की पहिला प्रश्न, 'आडनाव काय?' आडनाव ऐकलं की तोंड पालटतं. वेल्ह्याला राजगड म्हणायचं सरकारने २०२४ साली ठरवलं. तालुक्याचं नाव ठरावाने बदलतं, घरमालकाचं तोंड ठरावाने बदलत नाही. आणि आपला पोरगा मान वर करून बोलला की, 'लई माजलाय.' २००३ साली ह्युगनबर्ग आणि बोडेनहाउझेन यांनी हेही तपासलं. ज्या गोऱ्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना काळ्या माणसाच्या चेहऱ्यावर राग लवकर दिसायचा. माज तुझ्या तोंडावर नसतो रे, बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

आता तर यंत्रं विकायला आलीत, कामगाराचं तोंड बघून मन सांगणारी. लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार शास्त्रज्ञांनी २०१९ साली सगळा पुरावा चाळून सांगितलं, की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाहीत. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात कामाच्या जागी आणि शाळांत अशा यंत्रांवर, काही अपवाद सोडून, बंदी घातली. उद्या तुमच्या गोदामाच्या दारात असा कॅमेरा लागला तर युनियनने पहिला सवाल टाकावा, की ह्याला डोळे कुणी दिले?

शेवटचं, आपल्या घरातलं. सत्ता आंधळं करते हा नियम आपल्यालाही लागू आहे. मोर्चातून येऊन ताटावर बसणाऱ्या कार्यकर्त्याला साहेबाची आठी दहा पावलांवरून दिसते, चुलीपुढच्या बायकोचं उतरलेलं तोंड दिसत नाही. गावाकडं भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करणारी आई तर महिनोन्‌महिने त्याच्या नजरेलाच पडत नाही. तिथं तो मालक झालेला असतो.

तेव्हा कुणापुढे मान खाली घालू नका. कुणाला घालायला लावू नका. डोळ्यांत बघा. तोंडावरून निकाल लावायच्या आधी विचारा, काय झालं? आणि आज घरी गेल्यावर तिला विचारा, तुला कुठली भाजी आवडते? उत्तर येत नसेल तर चळवळीचं काम तिथून सुरू करा.

जय भीम!