रात्रपाळी अंगवळणी पडत नाही

"सुरुवातीला जड जातं, मग अंगवळणी पडतं." चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नव्या कामगाराला हे हमखास ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांनी स्वतः वर्षानुवर्षं तिसरी पाळी काढलेली असते. तरीही हे म्हणणं चूक आहे.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात तिथे, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच, आणि ते हजेरीपटावर नव्हे, उजेडावर चालतं. रात्रभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस सकाळी कंपनीच्या बसमधून उतरतो, तेव्हा ऊन त्या घड्याळाला दिवसाचीच वेळ दाखवतं. सुटीच्या दिवशी तो घरच्यांसोबत रात्री झोपतो. त्यामुळे बहुतेकांचं घड्याळ पुरतं उलटत नाही. सवय होते ती थकव्याची.

"दिवसा झोपून भरून काढता येतं," असंही म्हणतात. पण सकाळी शरीराचं तापमान चढत असतं, झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उतरलेलं असतं, झोप तुटतेच. त्यात घर एका खोलीचं असेल तर विचारायलाच नको.

आणि हे नुसत्या पेंगण्यावर थांबत नाही. २००१ साली, ज्यांचं घड्याळ असंच वारंवार विस्कटतं अशा विमानांतल्या २० महिला कर्मचाऱ्यांचे मेंदू तपासले गेले. दूरच्या दोन उड्डाणांमध्ये ज्यांना जेमतेम पाच दिवस मिळत, त्यांच्या मेंदूचा उजव्या कानशिलाकडचा भाग दोन आठवड्यांहून अधिक विश्रांती मिळणाऱ्यांपेक्षा लहान आढळला. वीसजणींवरून निकाल देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. पण २०१४ साली फ्रान्समधल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांहून जास्त फिरत्या पाळ्या केलेल्यांची आकलनशक्ती साडेसहा वर्षांनी मोठ्या माणसासारखी दिसली. पाळ्या सुटल्यावर ती सावरायला किमान पाच वर्षं लागली.

सावरते, हे महत्त्वाचं. रुग्णालयं, वीजकेंद्रं रात्री चालणारच. ती बंद करा असं कुणी म्हणत नाही. मात्र पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकावी, सलग रात्री कमी असाव्यात, दोन पाळ्यांत निदान अकरा तासांचं अंतर असावं. युरोपात एवढी रोजची विश्रांती कायद्यानेच दिली आहे. रात्रपाळीचा भत्ता वाढवून झोप परत येत नाही. म्हणून कामगार संघटनांना विनंती आहे: पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात भत्त्याच्या आधी पाळ्यांचं वेळापत्रक लिहा.