मधुमेह आणि ‘याप्य’ शब्दाचा विसर

मधुमेही रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “वैद्यराज, हा आजार कायमचा जाईल ना?” या प्रश्नास आपण काय उत्तर देतो, यावर रुग्णाचे हित आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अवलंबून आहे.

चरकाचार्यांनी प्रमेहाचे २० प्रकार सांगून १० कफज साध्य, ६ पित्तज याप्य व ४ वातज असाध्य मानले. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असे भेद केले. पहिला रुग्ण कृश, दुसरा स्थूल. बलवान स्थूलास संशोधन, दुर्बल कृशास बृंहण हा चिकित्साभेदही स्पष्ट आहे. असे असता एकच चूर्ण ‘रामबाण’ म्हणून सर्वांस देणे ही आयुर्वेदालाच सोडचिठ्ठी होय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे १६ वर्षांचा एक कृश मुलगा आणला गेला. अशाच एका चूर्णाच्या डब्यावरील मजकुरावर विसंबून वडिलांनी त्याचे इन्सुलिन बंद केले होते. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास पाहून आम्ही त्यास तत्काळ रुग्णालयात पाठविले. मुलगा वाचला, परंतु “डब्यावर तर आयुर्वेदिक लिहिले होते,” हे वडिलांचे शब्द आजही बोचतात.

अशा रुग्णास इन्सुलिनला पर्याय नाही, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? स्थूल, नवोदित रुग्णाच्या बाबतीत आपले कार्यक्षेत्र मोठे आहे. यव, मूग, तिक्तरसाच्या भाज्या, नित्य व्यायाम, निशा-आमलकी यांचा विचारपूर्वक उपयोग करावा. गुडमारासारखी द्रव्ये आधुनिक गोळ्यांसोबत देताना साखर अति उतरण्याचा धोका ध्यानी घ्यावा. चालू औषधांत बदल करावयाचा तर रुग्णाच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच करावा आणि रक्ततपासणीची नोंद ठेवावी.

औषधनिर्माते व औषधालयचालक बंधूंनाही आमची विनंती आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. चूर्णात आधुनिक गोळ्यांची पूड मिसळणे तर रुग्णाचा विश्वासघातच होय. संशयास्पद माल कितीही खपत असला तरी दुकानात ठेवू नये.

याप्य व्याधीतील चिकित्सेस सुश्रुताचार्यांनी पडू पाहणाऱ्या घरास दिलेल्या खांबाची उपमा दिली आहे. खांब काढला की घर कोसळते. बहुतेक जीर्ण मधुमेही रुग्णांस आपण असा खांबच देऊ शकतो. मात्र दुसऱ्याने लावलेला खांब काढून आपला लावण्याचा अट्टहास नसावा. रुग्णाच्या त्या पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच : “आजार आटोक्यात राहील, त्यासाठी आपण दोघांनी नित्य झटावयाचे आहे.”