मांजराच्या लघवीचा वास बदलला तर

चाकणहून एका ताईंचे पत्र आले आहे. पती कारखान्यात पाळीवर, एकच खोली, घरात दोन मुले आणि एक बोका. त्या लिहितात, "हल्ली त्याच्या लघवीला फार उग्र वास येतो. फिनेलने पुसून हात दुखले. त्याला लांब सोडून यावे का?"

ताई, सोडू नका. मांजर हे मूळचे कोरड्या मुलखातले जनावर. ते पाणी कमी पिते, लघवी दाट करते, म्हणून तिला वास असतोच. त्यातून नसबंदी न झालेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य पुष्कळ असते. त्याचे विघटन झाले की तो दर्प सुटतो. असा बोका उभा राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर पिचकारी मारतो. हा आजार नव्हे, आपली हद्द आखणे आहे. नसबंदी केली की बहुतेकांची सवय सुटते आणि वासही उतरतो.

मात्र बसल्या जागी केलेल्या लघवीचा वास एकाएकी बदलला तर लक्ष द्यावे. अमोनियासारखा झोंबणारा वास पाणी कमी पडल्याने येतो, तसा मूत्राशयाच्या आजारानेही येतो. गोडसर वास आणि सारखी तहान असेल तर मधुमेहाची शंका घ्यावी. वास नाहीसा झाला म्हणूनही निर्धास्त राहू नये. म्हातारे मांजर खूप पाणी पिऊ लागले आणि लघवी पाण्यासारखी झाली, तर मूत्रपिंडे थकली असण्याचा संभव असतो.

आमच्या घरची चूक सांगते. चिंचवडला राहत असताना आमचा पिवळा बोका रात्रभर मोरीत बसून रडत होता. शेजारच्या आजी म्हणाल्या, मांजर रडणे अशुभ, हाकलून द्या. आम्ही अपशकुन मानत नाही, म्हणून हाकलला नाही. पण आम्ही तरी कुठे शहाणे होतो? तो कुंथतो आहे म्हणजे बद्धकोष्ठ, असे समजून एरंडेल पाजले. मोरी कोरडी आहे, कसलाच वास नाही, हे कुणी पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. वाळूसारखे कण किंवा चिकट बूच बसले की ती बंद होते. मग रक्तात पोटॅशियम वाढते आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबते. पशुवैद्यक गुंगी देऊन नळी घालतात, वेळेत नेले तर बहुतेक बोके वाचतात.

पिंपरी हे पेनिसिलीनचे गाव, 1954 साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. म्हणून की काय, आपल्याकडे कशावरही कॅप्सूल हा उपाय! पण तरुण मांजरांच्या मूत्राशयदाहात बहुधा जंतू नसतातच. घर बदलणे, दुसरे मांजर येणे, अशा ताणानेही तो होतो. घरातली उरलेली कॅप्सूल देऊ नये. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

आणि ताई, ते फिनेलही बंद करा. मांजर पाय चाटते, फिनेल पोटात जाते आणि त्याच्या यकृताला ते झेपत नाही. ब्लीचिंग पावडर तर नकोच. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो, आणि तुमच्या एका खोलीत मुलेही झोपतात. साबणाच्या पाण्याने धुऊन वर व्हिनेगरचे पाणी फिरवावे. नुसत्या सुकट-बोंबलावर त्याला ठेवू नका. उकडलेल्या मासळीत पाणी घालून द्या, प्यायच्या पाण्याची वाटी रोज बदला.

तुमचा बोका उभ्याने पिचकारी मारतो की बसून करतो, हे पत्रात नाही. आज नीट पाहा. थेंबथेंब येत असेल, लालसर असेल किंवा नुसताच कुंथत असेल, तर पतीची पाळी सुटायची वाट पाहू नका, टोपलीत घालून जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे. काय झाले ते मात्र कळवा.