लाखोंची एअर रायफल अन् सोलापूरचं ऊन: टिकाऊपणाची चाचणी घेणार कोण?

मे महिन्यातली सकाळ. विभागीय स्पर्धेला दोन दिवस बाकी. माझ्या मामेबहिणीचा फोन आला, "दादा, काटा खाली आलाय." काटा म्हणजे तिच्या एअर रायफलच्या सिलिंडरवरचा प्रेशर गेज. रात्री १९० बारवर होता, सकाळी १२० वर. रायफल कुणी पाडली नव्हती की आपटली नव्हती. मामांनी तिच्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते अजून चालू होते.

पुण्याच्या मेकॅनिकने रायफल उघडली तेव्हा कारण सापडलं. सिलिंडर जिथे बसतो तिथल्या रबरी रिंगवर, म्हणजे ओ-रिंगवर, धुळीचा एक कण अडकून बारीक चीर पडली होती. रिंगची किंमत चहा-भज्यांपेक्षा कमी. पण सोलापुरात त्या मापाची रिंग मिळाली नाही आणि ती स्पर्धा हुकली.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन पत्रकारितेत आलेल्या माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न आहे. आपण शंभर रुपयांच्या मोबाइल कव्हरचेही ड्रॉप टेस्टचे व्हिडिओ बघून निर्णय घेतो. मग लाखोंच्या घरातली रायफल घेताना ती ४३ अंशांत, काळ्या मातीच्या धुळीत आणि एसटीच्या डिक्कीत कशी वागते, हे कुणीच का तपासत नाही? चला, समजून घेऊया.

आधी रायफल समजून घ्या

१० मीटर एअर रायफलमध्ये बारूद नसते. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. ट्रिगर दाबला की त्यातली मोजून थोडी हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो.

स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडायच्या असतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे एकूण ६५४. रायफलचं वजन ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. आणि ज्या 'दहा'वर नेम धरायचा तो ठिपका असतो फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा.

आता थोडं गणित करू. रायफलवर पुढची आणि मागची अशा दोन साइट असतात. त्यांच्यात ७० सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. १० मीटरवर छर्रा अर्धा मिलिमीटर सरकण्यासाठी साइट किती हलावी लागेल? फक्त ०.०३५ मिमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. म्हणजे अर्ध्या केसाएवढी हालचाल झाली तरी छर्रा ठिपक्याच्या रुंदीएवढा बाजूला जातो.

गुणांच्या भाषेत सांगायचं तर मध्यापासून प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण कमी होतो. दर गोळीमागे ०.१ गुण गेला तरी ६० गोळ्यांत ६ गुण जातात. अंतिम फेरीचं दार त्याहून कमी फरकाने बंद होतं.

म्हणून इथे टिकाऊपणाचा अर्थ 'मोडली नाही' एवढाच नाही. महागडी रायफल सहसा मोडत नाहीच. ऊन, धूळ आणि खड्डे सोसूनही ती अर्ध्या केसाएवढीसुद्धा हलली नाही, तर ती टिकाऊ.

ऊन, धूळ, ओल आणि खड्डे: नेमकं काय होतं?

ऊन: सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तो ६० च्या पुढे जाऊ शकतो. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशांना पोहोचला, तर आतला दाब सुमारे २२३ बार होतो. अकरावीत शिकलेला वायूचा नियम आहे हा. शिवाय ॲल्युमिनियम हे पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रायफलमध्ये दोन्ही धातू एकमेकांना स्क्रूने आवळलेले असतात. तापल्यावर दोघं सारखे वाढत नाहीत आणि जोडावर ताण येतो.

धूळ: आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ओ-रिंग, ट्रिगरचे सांधे आणि छर्रा ठेवायची जागा यांना ती सगळ्यात जास्त छळते. वर तेल जास्त लावलं की धूळ चिकटून त्याची सॅंडपेपरसारखी पेस्ट होते. 'नीट जपतो' म्हणून वारंवार तेल पाजणारे पालक नकळत हेच करत असतात.

ओल: हवा २०० बारपर्यंत दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात, ओलावा शोषणारा फिल्टर नसलेल्या पंपाने हवा भरली, तर ते पाणी थेंबाथेंबाने आत जातं आणि व्हॉल्व्हला गंज धरतो. रायफलचा दस्ता लाकडी असेल तर तोही दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. सोलापूरहून मुंबईला स्पर्धेला गेलं की एका रात्रीत हवामान बदलतं.

खड्डे: याबद्दल आम्ही सोलापूरकरांनी वेगळं काय सांगावं?

कारखान्यात चाचणी होते की!

होते. नामांकित युरोपीय कंपनीची नवी रायफल घेतली की पेटीत छोटं टेस्ट कार्ड मिळतं. रायफल शिकंज्यात घट्ट पकडून काही छर्रे झाडलेले असतात आणि सगळे जवळपास एकाच भोकातून गेलेले दिसतात. ते कार्ड खरं असतं. पण ती चाचणी नव्या कोऱ्या रायफलची, कारखान्याच्या बंदिस्त दालनात झालेली असते. अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिसऱ्या उन्हाळ्यात काय होईल, याबद्दल ते कार्ड गप्प असतं.

असं काही तपासताच येत नाही, असंही नाही. मोबाइलच्या जाहिरातीत 'आयपी ६८' वाचता ना? त्यातला ६ हा आकडा धुळीच्या चाचणीचा. वस्तू बंद पेटीत ठेवून तिच्याभोवती बारीक पावडर उडवली जाते. अमेरिकी लष्कराच्या 'मिल-स्टँडर्ड-८१०' या मानकात उष्णता, आर्द्रता, वाळू-धूळ, कंपन आणि धक्का यांच्या वेगवेगळ्या चाचण्या लिहून ठेवल्या आहेत.

नेमबाजीतही परिस्थितीप्रमाणे बंदूक बनते. हिवाळी ऑलिम्पिकमधला बायथलॉन हा खेळ बघा. खेळाडू पाठीवर रायफल घेऊन बर्फातून स्कीइंग करत येतात आणि थांबून नेम धरतात. तिथल्या रायफलींना बर्फ आत जाऊ नये म्हणून नळीला आणि साइटला झाकणं असतात. तिथल्या खेळाला बर्फात टिकणारी बंदूक लागते, म्हणून ती तशी बनते. उन्हात आणि धुळीत टिकणारी हवी, अशी मागणी आपण कधी केलीच नाही.

'रेसची घोडी टांग्याला जुंपू नये'

हा लेख लिहायचं ठरवल्यावर एका जुन्या प्रशिक्षकांशी बोललो. ते म्हणाले, "अरे, ही रेसची घोडी आहे. टांग्याला जुंपायची नसते. बंदिस्त रेंजसाठी बनलीय, जपूनच वापरायची."

मुद्दा रास्त आहे. रायफलीला जपायलाच हवं. पण 'जपा' हे उत्तर ज्याच्या घरापासून दहा मिनिटांवर एसी रेंज आणि सर्व्हिस सेंटर आहे, त्याला परवडतं. सोलापूर, धाराशिव, लातूरच्या मुलांचं तसं नाही. त्यांची रायफल दुचाकीवर, एसटीत नाहीतर रेल्वेच्या बर्थखाली प्रवास करते. घोडी टांग्याला जुंपायची हौस कुणालाच नाही, पण घरापासून रेसकोर्स अडीचशे किलोमीटरवर असेल तर तिला चालत न्यावंच लागतं.

आणि नेमबाज फक्त महानगरांतून येतात, असंही नाही. पॅरिस २०२४ ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. गुणवत्ता गावाकडून येते आणि सुविधा बालेवाडीपर्यंत येऊन थांबते. मधल्या अंतराचा भार रायफल उचलते आणि तिचा खर्च घरचे.

साधन ऐनवेळी दगा देतं तेव्हा काय होतं, हे देशाने पाहिलंय. २५ जुलै २०२१, टोकियो. १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली. उरलेल्या गोळ्या घाईत झाडाव्या लागल्या. तिचे गुण झाले ५७५ आणि अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. तिच्याजवळ प्रशिक्षक होते, सुटे भाग होते, तंत्रज्ञ होते, तरी एवढं नुकसान झालं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं जिंकली. जिल्हा पातळीवरच्या मुलीला मात्र अशी दुसरी संधी दरवेळी मिळत नाही. घरचे म्हणतात, "बास झालं आता, बारावीकडे बघ."

क्लबमध्ये करता येईल अशी चाचणी

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एवढं करता येतं:

१. पाया: रायफल शिकंज्यात पकडा. एकाच डबीतले १० छर्रे झाडा. दोन गोष्टी मोजा: छर्रे किती पसरले आणि त्यांचा मध्य कुठे आला.

२. उष्णता: सिलिंडर काढून ठेवा. फक्त रायफल चार तास उन्हाळी खोलीत ठेवून पुन्हा १० छर्रे झाडा. थंड झाल्यावर परत १०.

३. प्रवास: पेटीत घालून नेहमीच्या रस्त्याने ५० किलोमीटर फिरवा आणि पुन्हा मोजा.

४. धूळ: बंद पेटी दिवसभर शेडमध्ये ठेवा. संध्याकाळी उघडून आत पांढऱ्या कापडाने पुसा. कापड काळं झालं तर रायफलच्या आधी पेटी बदला.

५. गळती: रात्री गेजचा आकडा लिहा आणि सकाळी तपासा. खोलीचं तापमानही लिहा, कारण गारव्याने काटा थोडा खाली येतोच.

निकाल वाचायचा कसा? मध्य सरकला पण पसारा तेवढाच राहिला, तर काळजी नको. साइटचे दोन-चार क्लिक फिरवले की काम झालं. पसारा वाढला, तर मात्र काहीतरी सैल झालंय किंवा झिजलंय. तो दोष क्लिक फिरवून जात नाही. अनेकदा या दोन गोष्टींची गल्लत होते आणि रायफलच्या दोषाबद्दल मुलीला ऐकावं लागतं, "लक्ष नाही तुझं."

एक गोष्ट अजिबात करू नका. भरलेला सिलिंडर तापवून बघू नका आणि घरी उघडू नका. २०० बार म्हणजे कारच्या टायरच्या जवळपास शंभर पट दाब. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त १० वर्षं असते. सेकंडहँड रायफल घेत असाल तर रंग-पॉलिश बघण्याआधी सिलिंडरवरची तारीख बघा.

आणि हो, परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नाही. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. पण ही चाचणी गच्चीवर किंवा शेतात नको, रेंजवरच करा.

मग करायचं काय?

माझ्या मते तीन गोष्टी लगेच होऊ शकतात.

पहिली, विक्रेत्यांनी रायफल किती तापमानापर्यंत तपासली आहे हे मराठीत छापून द्यावं आणि सोबत ओ-रिंगचा एक सुटा संच द्यावा. लाखोंच्या बिलात तो जड नाही.

दुसरी, प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात एक शिकंजा, एक फिल्टर असलेला कॉम्प्रेसर आणि मूलभूत दुरुस्ती शिकलेला एक माणूस असावा. ठाणे जिल्ह्यात एअर रायफली बनतात, म्हणजे प्रशिक्षण द्यायला जाणकार परदेशातून आणायची गरज नाही.

तिसरी माझ्या जवळची. सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. त्यांच्या लॅबमध्ये ओव्हन असतात, सूक्ष्म मापनाची उपकरणं असतात. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. आम्हीही फिरलो आणि शेवटी सीनिअरचाच प्रोजेक्ट नवं कव्हर लावून दिला. 'सोलापूरच्या उन्हात एअर रायफलची अचूकता' हा विषय घ्या. वर्षभराच्या नोंदी ठेवा आणि निकाल सगळ्यांसाठी खुले करा. पुढच्या वर्षी रायफल घेणाऱ्या बापाला दुकानदाराच्या शब्दापलीकडे काहीतरी हातात मिळेल.

मामेबहीण अजून खेळतेय. तिच्या पेटीत आता ओ-रिंगची एक डबी असते आणि वहीत रोज रात्रीचा-सकाळचा गेजचा आकडा. या उन्हाळ्यात काटा हललेला नाही. पण त्यासाठी तिला एक स्पर्धा गमवावी लागली. पुढच्या मुलीला ती गमवावी लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.