संसार आणि व्यवहार : जमिनीच्या सौद्यांतील आप्त

मराठींत ‘आप्त’ म्हणजे सोयरेधायरे. न्यायशास्त्रांत मात्र आप्त म्हणजे वस्तुस्थिति जशी आहे तशी जाणणारा आणि जाणली तशीच सांगणारा. या दोन अर्थांचा घोटाळा झाला म्हणजे जन्माची शिल्लक कशी धोक्यांत येते, तें हल्लीं वारंवार दिसूं लागलें आहे.

चार पैसे सांठवून पहिल्यानेंच जागेंत गुंतवूं पाहणारा तरुण प्रथम विचारतो मेहुण्यास. मेहुणा दलाल सुचवितो, दलाल वकील सुचवितो, वकील मोजणीवाला सुचवितो. तरुणास वाटतें, आपली चार जाणत्यांशीं ओळख झाली! वस्तुतः ती एकाच पक्षाशीं झालेली असते. कारण त्या सर्वांची प्राप्ति सौदा पुरा होण्यावर अवलंबून. ते लबाड असतात असें मी म्हणत नाहीं. पण ‘ही जागा घेऊं नका’ असें म्हटल्यानें ज्याचेंच नुकसान व्हावयाचें, त्याच्याकडून त्या शब्दांची अपेक्षा करणें भाबडेपणाचें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याबाहेरच्या एका तुकड्याचा विसार देणार होता. त्यापूर्वीं त्यानें कागद तालुक्याच्या न्यायालयांत काम करणाऱ्या एका त्रयस्थ वकिलांस दाखविले. त्यांचा मेहनताना ठरलेला, सौदा होवो वा न होवो. सातबारा पाहतांच त्यांनीं ‘भोगवटादार वर्ग २’ या शब्दांवर बोट ठेविलें. अशी जमीन सामान्यतः सरकारी पूर्वपरवानगीवांचून विकतां येत नाहीं. शिवाय १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास परवानगी लागते, तीहि नव्हती. दलालानें हें सारें ‘नंतर होऊन जाईल’ या तीन शब्दांत संपविलें होतें. सौदा मोडला. मेहुणा रुसला, दिवाळीसहि आला नाहीं. मात्र वडिलांच्या भविष्यनिर्वाहनिधीचे पैसे अद्याप बँकेंत आहेत.

असा वकील जागा पाहण्यापूर्वींच शोधून ठेवावा. त्या भागांत ज्यांनीं जागा घेतली त्यांस तर विचारावेंच, पण ज्यांचे सौदे मोडले त्यांस आधीं विचारावें. त्यांना कोणी काय सांगून थांबविलें हें कळतें. जमीन असेल तर लगतच्या शेतकऱ्याशीं दोन घटका बोलावें. वाट कोणाच्या बांधावरून जाते हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? सदनिका असेल तर शेजारच्या इमारतीच्या चिटणीसास उन्हाळ्यांतील पाण्याविषयीं विचारावें.

कांहीं ठिकाणीं ओळख लागतच नाहीं. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वयें सूची क्रमांक २ फी भरून कोणासहि पाहतां येते. ‘कचेरींत आपला माणूस आहे’ ही प्रौढी तेथें व्यर्थ होय. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं नोंदणी झालेल्या प्रकल्पाचा दलालहि नोंदणीकृत असावा लागतो. त्याचा क्रमांक मागण्यास संकोच कसला? आणि अशा प्रकल्पांत करार नोंदविल्यावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेतां येत नाहीं.

सौदा मोडला तरी वकिलांचा मेहनताना त्याच दिवशीं पोंचवावा. आमच्या घरांत नेमका येथेंच हात आंखडतो, आणि पुढच्या खेपेस मग दलालाचा फुकट वकील आठवतो. साठेखत व खरेदीखत यांतील भेदाविषयीं पुढील अंकीं लिहीन.