ओवाळणीतला चाकू

गेल्या राखीला धामणगाव रेल्वेत मुलींना चाकूंची ओवाळणी मिळाली. एका मंडळाने सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. कॉलेजच्या मुलींनी व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांना राख्या बांधल्या आणि प्रत्येकीच्या हाती एक प्लास्टिकची पेटी आली. पेटीवर ‘सुरक्षा किट’ असे छापलेले. आत मिटणारा चाकू, शिट्टी, मिरचीचा फवारा आणि वाटणाऱ्यांचा फोटो असलेले कार्ड. प्रमुख पाहुणे म्हणाले, “आता आमच्या बहिणींनी कुणाची वाट पाहायची गरज नाही.” टाळ्या झाल्या. महिला कार्यकर्ती म्हणून मलाही खुर्ची दिली होती. मी तिथे गप्प बसले, ही माझी चूक. तेव्हा बोलायला हवे होते ते आता लिहिते आहे.

कुणाची वाट पाहायची नाही? अमरावतीहून किंवा वर्ध्याहून संध्याकाळच्या गाडीने येणारी मुलगी स्टेशनवर उतरते, तेव्हा ती गावाकडे जाणाऱ्या बसची वाट पाहते. रस्त्यावर दिवा लागण्याची वाट पाहते. तक्रार घेऊन गेली तर कुणी लिहून घेईल याची वाट पाहते. या सगळ्याची वाट पाहणे तिने सोडून द्यावे आणि पर्समध्ये चाकू ठेवावा, असाच त्या भाषणाचा अर्थ होतो. चाकू देऊन भाऊ मोकळे झाले. उद्या काही घडले तर प्रश्न तिलाच विचारला जाईल : चाकू दिला होता, मग का नाही चालवला?

कार्यक्रमानंतर आठवड्याने आमच्या बैठकीत आम्ही ती पेटी उघडली. चाकूचे पाते जेमतेम चार बोटे लांब. ते नखाने खाचेत धरून ओढावे लागते, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. एका मुलीला सांगितले, पर्स खांद्याला आहे, मागून कुणी हात धरला आहे, आता काढ चाकू. चेन उघडून, वही आणि डबा बाजूला सारून, पाते बाहेर यायला आम्ही वीस आकडे मोजले. तेही हात कुणी धरलेला नसताना. त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. या चाकूच्या पात्याला अडसर नाही. आम्ही त्याने एका लाकडी फळीवर टोचून पाहिले, तर पाते उलटून मुठीकडे मिटायला लागले. जोर आणखी असता तर त्या मुलीचीच बोटे कापली गेली असती. असा चाकू कापण्यासाठी असतो, भोसकण्यासाठी नसतो. दोरी कापा, फळ चिरा, पोत्याची शिवण उसवा, तो चांगला चालतो. वाटणाऱ्या भावांनी तो एकदा तरी उघडून पाहिला होता का?

मिटणाऱ्या चाकूंमध्ये जगात सगळ्यात नावाजलेला स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर यांनी 1891 पासून तो तिथल्या सैन्याला पुरवला. त्यात पाते होते, डबा फोडायचे हत्यार होते, टोचा होता आणि स्क्रू ड्रायव्हर होता. डबा फोडायचा तो जेवणासाठी आणि स्क्रू ड्रायव्हर वापरायचा तो बंदूक खोलण्यासाठी. म्हणजे शिपायालाही हा चाकू लढायला दिलेला नव्हता. लढायला त्याच्याजवळ बंदूक होती, पलटण होती, मागे सरकार होते. आमच्या मुलीला मात्र पलटणीच्या आणि सरकारच्या जागी चाकू दिला. जाता जाता सांगते, एल्सनर यांनी कारखान्याला आपल्या आईचे नाव दिले. व्हिक्टोरिनॉक्स या नावातली व्हिक्टोरिया म्हणजे त्यांची आई. आमच्या पेटीवरचे नाव आणि फोटो कुणाचे होते, ते वर सांगितलेच आहे.

आता कायद्याचे बघू. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल तर ते शस्त्र. घरातली आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. वाटलेला चाकू त्या मापात येत नाही, हे मंडळाचे म्हणणे खरे आहे. पण राखीनंतर पंधरा दिवसांनी पोळा येतो, त्यामागून गणपती. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली शस्त्रे बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. त्या कलमात तलवार, भाला, बंदूक आणि काठी यांच्या रांगेत चाकूही लिहिलेला आहे. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे. राखीला भावाने दिलेला चाकू गणपतीत पर्समध्ये सापडला तर ती मुलगी आरोपी होऊ शकते. तिची बाजू मांडायला व्यासपीठावरचे भाऊ येतील का?

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे आणि तो प्रत्येक मुलीला ठाऊक असला पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये आहे. बलात्काराच्या हेतूने किंवा ॲसिड टाकण्यासाठी हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोचतो. पण त्याला दोन कुंपणे आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. ही दोन वाक्ये त्या कार्डावर छापायला हवी होती. छापायला जागाही होती, पण तिथे फोटो आला.

सगळ्यात मोठी लबाडी तर पुढेच आहे. हा चाकू अनोळखी माणसासाठी आहे, अंधारातल्या गुंडासाठी आहे. सरकारच्या गुन्हे नोंदणीचे आकडे मात्र वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात : बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. आमच्याकडे येणाऱ्या बायांचेही तेच. मारणारा नवरा, हात लावणारा दीर, लग्नाचे वचन देऊन पळालेला शेजारचा मुलगा. यातल्या कुणावर ही मुलगी चाकू उगारणार? रात्री मार खाल्लेली बाई सकाळी त्याच माणसासाठी भाकरी थापते. तिच्या घरात विळी आहे, आमच्याकडची पावशी आहे, इळा आहे, कुऱ्हाड आहे. चाकूची कमतरता त्या घरात कधीच नव्हती. तिला हवे आहे ते निघून गेल्यावर राहायला छप्पर, हातात पैसा आणि पोरांचा ताबा.

चाकू वाटण्याची ही कल्पना नवी नाही. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर, जानेवारी 2013 मध्ये, मुंबईत शिवसेनेने बाळासाहेब ठाकरे यांचे चित्र असलेले हजारो चाकू बायांना वाटले होते. त्याच महिन्यात न्यायमूर्ती वर्मा समितीने आपला अहवाल दिला. ऐंशी हजारांवर सूचना वाचून 29 दिवसांत तो तयार झाला. त्यात पोलिसांच्या कामात सुधारणा सुचवली होती, वाहतुकीची आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेची चर्चा होती आणि नवऱ्याला बलात्काराच्या गुन्ह्यातून मिळणारी सूट काढून टाका, असेही म्हटले होते. ती सूट नव्या संहितेच्या कलम 63 मध्येही तशीच ठेवली आहे. हा प्रश्न एका पक्षाचा नाही. चाकू वाटणे सगळ्यांनाच सोपे जाते, कारण चाकूला एकदाच खर्च येतो. अहवालातली कामे रोज करावी लागतात.

असे लिहिले की कुणीतरी नागपूरची आठवण काढते. “तुमच्याच विदर्भात बायांनी करून दाखवले की!” 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरच्या बायांनी मारले. हातात घरातले चाकू होते आणि तिखट होते. टाळ्या वाजवणाऱ्यांना एवढेच आठवते. त्याआधीची कित्येक वर्षे त्या वस्तीतल्या बाया तक्रारी करत होत्या आणि त्या ऐकल्या जात नव्हत्या, हे आठवत नाही. नंतर बायांवर खटला चालला आणि त्याचा निकाल लागायला 2014 उजाडले, हेही आठवत नाही. पुराव्याअभावी आरोपी सुटले, पण मधली दहा वर्षे कुणी परत दिली नाहीत. न्यायालयात माणूस मारला जाणे हा माझ्या मते न्याय नाही. पण त्या बायांना दोष देण्याआधी मी त्यांना तिथवर ढकलणाऱ्यांना विचारीन. आणि कस्तुरबानगरच्या बायांना चाकू कुणी वाटावे लागले नव्हते, हेही भावांच्या लक्षात आणून देईन.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी चाकूच्या विरोधात आहे. तसे नाही. आता मी आपल्याच लोकांविरुद्ध लिहिणार आहे.

आपणही या मुलींना काय सांगतो? “नको बाई, तोच हिसकावून तुझ्यावर चालवतील.” त्या बैठकीत मीही हेच म्हणाले. त्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, “ताई, रोज इळा घेऊन धुऱ्यावर जातो मी, तवा काही नाई म्हणत तुमी. चाकूच काहून खुपते तुमाले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तिला मी धार हाताळायला नालायक ठरवत होते आणि ती मात्र सातव्या वर्षापासून गवत कापत होती.

आमच्या भागातल्या एका गावात दोन वर्षांमागे सोयाबीन काढणे चालू होते. थ्रेशरवर पेंढ्या लावणाऱ्या बाईचा पदर पट्ट्यात अडकला. ट्रॅक्टर बंद करायला माणूस धावला, पण तो पोचायच्या आत तिच्या जावेने कमरेचा इळा काढून पदर कापला. मानेवर वळ उठला, जीव वाचला. तिथे चार बोटांचा चाकू असता तरी तेच काम झाले असते. वाऱ्याने मोटरसायकलच्या चाकात गेलेली ओढणी, गाईच्या गळ्याला आवळलेले दावे, विहिरीवर गुंतलेला दोर, पुरात अडकलेल्या गाठोड्याची गाठ. जीव वाचवणारा चाकू हा असा असतो. सुरक्षा म्हणजे हीसुद्धा, पण हिची सभा होत नाही.

आणि बायांनी धारदार वस्तू जवळ बाळगणे हे काही नवे धाडस आहे का? आमच्या आज्यांच्या कमरेला चंची असायची. तिच्यात सुपारी, कात, चुना आणि सरोता. सरोत्यालाही धार असते. ती चंची म्हणजे म्हातारीचे स्वतःचे सामान. तिच्यात घरातला पुरुष हात घालत नसे. नातीच्या ड्रेसला मात्र खिसासुद्धा नाही. मोबाइल हातात, पैसे ओढणीच्या गाठीत आणि किल्ली आईकडे. भावाच्या पँटला चार खिसे. ज्यांना मुलीच्या हाती चाकू द्यावासा वाटतो, त्यांनी आधी तिला खिसा द्यावा आणि त्या खिशात तिच्या नावाचे पैसे राहू द्यावेत.

मैत्रिणींनो, म्हणून आम्ही आमच्या गटात दुसरी पेटी करायला घेतली आहे. पेटी कसली, साधी कापडी पिशवी, जिला खिसे आहेत. त्यात आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती, बँकेचे पासबुक, पोरांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद, जमतील तेवढे पैसे, औषधे, पॅड, एक जोडी कपडे, मोबाइलचा जुना चार्जर, बॅटरी, शिट्टी. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 112 आणि 181 हे क्रमांक, संरक्षण अधिकाऱ्याचा आणि जवळच्या सखी केंद्राचा पत्ता. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, तो दोन ओळींत. आणि हो, एक मिटणारा चाकूही, पात्याला अडसर असलेला. भाकरीचे फडके बांधलेली सुतळी कापायला, पोराला पेरू चिरून द्यायला. ही पिशवी मारहाण होणाऱ्या घरात ठेवायची नाही. ती गटातल्या दुसरीकडे ठेवायची आणि मध्यरात्री दार वाजले तर तिने दार उघडायचे.

हे शेवटचे सगळ्यात अवघड आहे. पिशवी शिवणे सोपे, दार उघडणे अवघड. आमच्या गटातल्या अकरा जणींपैकी सहा जणींनीच आतापर्यंत हो म्हटले आहे. बाकीच्यांना नवऱ्याला विचारायचे आहे.

येत्या राखीला मंडळाने पुन्हा बोलावले तर मी जाणार आहे आणि या वेळी माइक मागणार आहे. भावांनो, चाकू ठेवा, वाईट नाही. त्याबरोबर लेखी द्या : स्टेशनपासून वस्तीपर्यंत दिवे कधी लागतील, संध्याकाळच्या गाडीला जोडून बस कधी सुटेल, तक्रार नोंदवायला नकार मिळाला तर तुमच्यापैकी कोण सोबत येईल. आणि एक शेवटचे. या सभागृहात बसलेल्यांपैकी जो आज रात्री घरी जाऊन बायकोवर हात उचलणार आहे, त्याच्या हातची ओवाळणी आमची एकही मुलगी घेणार नाही.

तुमच्या गावातही अशा पेट्या वाटल्या जात असतील. तुम्ही तिथे काय बोललात, किंवा माझ्यासारख्या गप्प बसलात, ते जरूर कळवा.