सिग्मा कुणाचा?

मागे इथे कॅलिब्रेशनच्या स्टिकरविषयी लिहिलं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी मला ‘पेन्सिलवाला म्हातारा’ ठरवलं होतं. या रविवारी दापोडीत म्हाताऱ्याला साक्षीदार मिळाला.

एस.टी. वर्कशॉपच्या बाजूला एका क्लासात भोसरी-चाकणची क्यूसीची पोरं एसपीसी, म्हणजे संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रण, शिकतात. सरांचं पहिलंच वाक्य, “एक्सेल अकाउंट्सवाल्यांना राहू द्या. आपलं काम मिनिटॅबवर.”

एका पोराने बोअरची १२५ मापं भरली. पाच-पाचचे २५ गट, टॉलरन्स २५.०० ± ०.०५ मिमी. सीपीके, म्हणजे प्रक्रिया टॉलरन्समध्ये किती ऐसपैस बसते त्याचा आकडा, आला १.३८. कस्टमर १.३३ मागतो, म्हणजे पास! शेजारच्या मुलीने तीच मापं गुपचूप शीटमध्ये ओतून प्रमाण विचलनाचं सूत्र लावलं. तिला आला १.०१. सर म्हणाले, “बघा, एक्सेलने घोळ घातला.”

घोळ कुणीच घातला नव्हता. मिनिटॅबने सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन, काढला तो गटातल्या पाच जॉबच्या आपसांतल्या फरकावरून, मुलीने काढला तो सगळ्या शिफ्टवरून. टूल झिजतं तसा बोअर लहान होत जातो. लागोपाठच्या पाच जॉबमध्ये ते कळत नाही, आठ तासांत कळतं. बरं, मिनिटॅबच्या त्याच अहवालात सगळ्या मापांवरून काढलेला आकडा, पीपीके, १.०१ छापलेला होताच! पण सगळ्यांची नजर वरच्या आकड्यावर. मुलीला मात्र कुठल्या सेल धरायच्या हे स्वतः ठरवावं लागलं, म्हणून तिला निदान प्रश्न तरी पडला.

शीटची आरती ओवाळत नाही मी. डॉलरचं चिन्ह विसरा, सूत्र खाली ओढा, रेंज मुकाट्याने घसरते. २०२० मध्ये इंग्लंडात जुन्या एक्सेल फाइलच्या ओळी संपल्या आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. उलट मिनिटॅब १९७२ मध्ये जन्मलं तेच मुळी पेन्सिल्व्हेनियातल्या विद्यापीठात, मुलांना संख्याशास्त्र शिकवायला. आकडेमोडीचं ओझं उतरावं, डोकं मोकळं व्हावं म्हणून. आपण ओझ्याबरोबर डोकंही उतरवून ठेवलं.

तेव्हा पहिले पाच गट पेन्सिलीने, बाकीचे शीटवर, मग खुशाल बटण दाबा. एसपीसीचा पाया घालणाऱ्या शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो कागदावरच. आणि ज्या शॉपमधल्या चार्टवर तेलाचे डाग असतात तिथे रिजेक्शन कमी, हा माझा जुना हेका. पुरावा मागू नका.

निघताना १.३८वाल्याला विचारलं, “टूल कधी बदललं होतं रे?”

“ते प्रॉडक्शनवाल्यांना माहीत, सर.”

– मापाडी